बाई, एक विचारू? : या वेळी चाचणीच्या गुणांविषयी

पहिली संकलित चाचणी झाली, दिवाळीची सुट्टी संपली आणि माझ्या टेबलावर पत्रांची थप्पी वाढायला लागली. बहुतेक पत्रांत विषय एकच, गुण. कुणाच्या मुलाचे, कुणाच्या वर्गाचे, कुणाच्या अख्ख्या शाळेचे. महापालिकेच्या शाळांत तेहेतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापक म्हणून. इतक्या वर्षांत गुणांवरून घरात झालेली रडारड मी फार पाहिली आहे, म्हणून हा सगळा अंक याच विषयाला दिला. पाच पत्रं निवडली आहेत. नेहमीप्रमाणे नावं छापलेली नाहीत.

माझी मुलगी एका अनुदानित मराठी शाळेत चौथीत आहे. पालकसभेत पडद्यावर तक्ता दाखवला. गेल्या वर्षीच्या चौथीची गणिताची सरासरी ६८ टक्के, यंदाच्या चौथीची ५९. वर्गात १९ मुलं आहेत, गेल्या वर्षी २३ होती. सभा संपायच्या आत पालकांच्या ग्रुपवर सुरू झालं की नवीन बाईंना शिकवता येत नाही. दोघातिघांनी तर पुढच्या जूनला इंग्रजी शाळेत घालायचं ठरवूनही टाकलं. यंदा वर्गात तीन मुलं नवीन आली आहेत. दोन परभणीकडची चुलत भावंडं, आणि चाळ पुनर्विकासाला गेल्यामुळे इकडे राहायला आलेली एक मुलगी. माझ्या मुलीला ७१ टक्के आहेत. शाळा घसरते आहे का? आम्हीही शाळा बदलावी का?
एक आई, भांडुप

ताई, तुम्ही पट लिहिलात आणि नवीन मुलांचंही लिहिलंत, म्हणून मला हिशेब करता आला. आधी तोच करू.

१९ मुलांच्या वर्गात एका मुलाचे वीस गुण कमी झाले की अख्ख्या वर्गाची सरासरी एका गुणाने खाली येते. एकट्या एका मुलाचे. त्या दिवशी त्याला ताप असेल, आदल्या रात्री शेजारी हळद असेल आणि डीजे बारा वाजेपर्यंत चालला असेल. आता ५९ गुणिले १९ म्हणजे ११२१. समजा, नव्याने आलेल्या तिघांना २५-२५ गुण मिळाले. ते ७५ वजा केले की उरले १०४६, आणि उरली सोळा मुलं. त्यांची सरासरी येते ६५ च्या थोडी वर. म्हणजे जी मुलं आधीपासून या शाळेत आहेत त्यांच्यात आणि गेल्या वर्षीच्या मुलांत अंतर तीनेक गुणांचं. एवढं अंतर दोन-तीन मुलांच्या आजारपणानेही पडतं. २५ हा माझा अंदाज आहे. खरा आकडा शाळेकडे आहे, तो मागा.

पण एक गोष्ट फार कळकळीने सांगते. हा हिशेब त्या तीन लेकरांच्या माथी मारू नका. परभणीचं पोर दहा बाय दहाच्या खोलीत येऊन राहतं, त्याची बोली वेगळी, वर्गातली मुलं त्याच्या ‘लै’ला हसतात आणि चौथ्या महिन्यात त्याच्यापुढे चाचणीचा कागद येतो. त्याचे २५ चे ३५ झाले तर त्या नवीन बाईंनी वर्षभरात पुष्कळ काम केलं, असं मी मुख्याध्यापक असते तर म्हटलं असतं. पडद्यावरच्या सरासरीत ते काम कुठेच दिसत नाही.

दुसरं म्हणजे, गेल्या वर्षीची चौथी आज पाचवीत आहे. ती मुलं वेगळी, ही वेगळी. तुलना करायचीच असेल तर याच मुलांची करा. एप्रिलमध्ये तिसरीत असताना दुसऱ्या संकलित चाचणीत यांना किती होते आणि आता किती आहेत? आणि हजेरीपटही बघायला मागा. आपल्या भागातली निम्मी घरं गणपतीला कोकणात जातात, दहा-बारा दिवस वर्ग अर्धा रिकामा असतो. मी स्वतः त्या दिवसांत कधी नवा धडा सुरू केला नाही. नवीन बाईंना हे अजून ठाऊक नसेल आणि त्यांनी नेमका तेव्हाच भागाकार शिकवून टाकला असेल, तर ती चूक दुरुस्त होण्यासारखी आहे.

इंग्रजी शाळेचं म्हणाल, तर या संकलित चाचण्या राज्याच्या आहेत. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून कागद येतो आणि सरकारी, पालिकेच्या व अनुदानित शाळांतल्या मुलांना एकच कागद मिळतो. खासगी विनाअनुदानित शाळेत पेपर त्याच शाळेतल्या शिक्षकांनी काढलेला असतो आणि तपासतातही तेच. त्यामुळे तिथल्या एखाद्या मुलाच्या ९२ ची आणि तुमच्या मुलीच्या ७१ ची तुलना होऊच शकत नाही. दोन्ही मापं वेगळी आहेत. शाळा बदलायला दुसरी काही कारणं असतील तर तुम्ही जरूर विचार करा. एका तक्त्यावरून बदलू नका.

आता खरं काम. शाळेत जा आणि मुलीची तपासलेली उत्तरपत्रिका मागून बघा. गुण बघू नका, चुका बघा. मागे एका मुलीची आई माझ्याकडे असाच कागद घेऊन आली होती. वजाबाकीची तीन उदाहरणं, तिन्ही चूक. ५०३ वजा २७८, उत्तर ३७५. ४०२ वजा १५६, उत्तर ३५४. ६१० वजा ३४८, उत्तर ३३८. आई म्हणाली, हिला वजाबाकीच येत नाही. मी मुलीला म्हटलं, पहिलं मला करून दाखव. ती म्हणाली, ‘आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, पाचातून दोन गेले तीन.’ वर कोण आणि खाली कोण, हे ती बघतच नव्हती. जिथे तिथे मोठ्यातून लहान काढत होती. चुका तीन दिसत होत्या, मुळात चूक एकच होती. आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, रबर सोडून एक गठ्ठा सुटा केला आणि दोन दुपारी तेवढंच केलं. तिसऱ्या दिवशी तिने ५०३ मधून २७८ काढले आणि २२५ लिहून माझ्याकडे पाहिलं.

तुमच्या मुलीचे २९ गुण कुठे गेले, ते त्या कागदावर लिहिलेलं आहे ताई. पडद्यावरच्या तक्त्यात ते सापडणार नाही.

मी ८२ च्या संपाआधी गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होतो. नातू पाचवीत आहे. आमची मंडळी लालबागच्या बाजारात गजरे विकतात, संध्याकाळी नातू त्यांच्याजवळ बसतो. पस्तीसचे गजरे आणि शंभराची नोट म्हटलं की पोरगा बोटं न मोजता पासष्ट परत देतो. पण चाचणीत शाब्दिक उदाहरणं सगळी कोरी सोडून आला. गणित कच्चं आहे, असा शेरा आहे. आम्हाला हे पटत नाही.
एक आजोबा, लालबाग

आजोबा, मलाही पटत नाही. गिऱ्हाईक घाईत असताना बरोबर सुटे देणारा मुलगा वजाबाकीत कच्चा असणार नाही. माझा संशय वाचनावर आहे. खात्री तुम्ही घरी करून घेऊ शकता.

त्याला चाचणीचा कागद द्या आणि एक शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा. सोडवायला सांगू नका, फक्त वाचू दे. अडखळतो का, ओळ चुकतो का, जोडाक्षरापाशी थांबतो का, ते बघा. वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवा आणि विचारा, ‘काय विचारलंय त्यात?’ आपल्या शब्दांत सांगता आलं नाही तर पोरगा आकड्यांपर्यंत पोचतच नाही, शब्दांतच अडकतो. २०२१ साली केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ सुरू केलं, त्यात तिसरीच्या अखेरीला मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द समजून वाचावेत, असं धरलं आहे. तुमच्याकडे सेकंदकाट्याचं घड्याळ असेलच.

शिवडीला माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडील बंदरावर हमाली करायचे. ‘पाच मुलांना प्रत्येकी बारा पेरू दिले’ हे उदाहरण त्याने कोरं सोडलं होतं. मी त्याच्याजवळ बाकावर बसले आणि वाच म्हटलं. ‘प्रत्येकी’पाशी थांबला. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाला, ‘बाई, प्रत्येकी म्हणजे काय?’ मी म्हटलं, एकेकाला बारा. त्याने कागदाकडे न बघता साठ सांगितलं. वर्षभर मी त्याला बेरीज-गुणाकाराची उदाहरणं घालत होते आणि अडलं होतं ते एका शब्दापाशी. ‘त्यांपैकी’, ‘एकूण’, ‘शिल्लक’, ‘पेक्षा’, ‘प्रत्येकी’ हे शब्द घरात कुणी बोलत नाही. आई ‘एकेकाला’ म्हणते, ‘उरलं’ म्हणते. त्यानंतर प्रत्येक जूनला मी हे शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला लागले, आणि ते वर्षभर पुसायचे नाहीत असं मुलांना सांगून ठेवायची.

दुसरी एक अडचण आपल्या भाषेचीच आहे. ‘एकोणसाठ’ ऐकून ६१ लिहिणारी मुलं मी दरवर्षी पाहिली, कारण कानात ‘एक’ आणि ‘साठ’ शिरतात. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात म्हणून ५२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशीही वाचायची रीत दिली, तेव्हा केवढा गहजब झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं जात नाहीत, लहान मुलांना सोपं जावं म्हणून ही जोडीला दिली आहेत. मला एकोणसाठ, एकोणऐंशी हे शब्द प्रिय आहेत, माझ्या आईच्या तोंडून ऐकलेले. तरीही वर्गात बसलेल्या मुलाच्या बाजूने मला नारळीकरबाईंचंच म्हणणं खरं वाटलं. तुमच्या नातवाला ३९, ५९, ६९, ७९ तोंडाने सांगून लिहायला लावा, पाच मिनिटांत कळेल.

आणि उपाय गजऱ्याच्या टोपलीतच आहे. रोज संध्याकाळी त्याने आजीच्या विक्रीवरून एक शाब्दिक उदाहरण वहीत स्वतः लिहायचं. ‘आजीकडे ४० गजरे होते. त्यांपैकी २६ विकले. ५ सुकले. किती शिल्लक राहिले?’ आणि ते आजीने सोडवायचं. पुस्तकातले शब्द त्याच्या हातून लिहिले जाऊ देत. महिनाभराने मला पुन्हा पत्र टाका.

मुलगा चौथीत आहे. शिष्यवृत्तीसाठी क्लास लावावा का? फी आमच्या ऐपतीच्या बाहेर आहे, पण लावला नाही तर मागे पडेल अशी भीती वाटते.
एक बाबा, कांजूरमार्ग

कर्ज काढून क्लास लावू नका. ही परीक्षा २०१६-१७ मध्ये चौथी-सातवीतून पाचवी-आठवीत गेली होती, आता ती पुन्हा चौथी-सातवीत आणायचं सरकारने ठरवलं आहे, त्यामुळे चौथीच्या पालकांची एकदम धावपळ उडाली आहे. परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते आणि ती ऐच्छिक आहे. तिला न बसलेला मुलगा कुठेही मागे राहत नाही. आतापर्यंतचं स्वरूप असं: दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणी. पात्र ठरायला दोन्ही पेपरांत ४० टक्के लागतात. शिष्यवृत्ती मिळते ती मात्र गुणवत्ता यादीतल्या थोड्या मुलांना.

मुलाला कोडी सोडवायला आवडत असतील तर बसवा. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा, रविवारी सकाळी घड्याळ लावून एक सोडवून घ्या आणि चुकलेल्या प्रश्नांवर आठवडाभर बोला. एवढं पुरे. फक्त उत्तरपत्रिकेवरचे उत्तराचे गोळे रंगवायचा सराव आवर्जून करा. हुशार मुलं मी त्यात फसलेली पाहिली आहेत. तेविसावा प्रश्न नंतर करू म्हणून सोडतात आणि चोविसाव्याचं उत्तर तेविसाव्या ओळीत रंगवतात. तिथून पुढचं प्रत्येक उत्तर एका घराने सरकतं. ओळीखाली पट्टी ठेवून रंगवायची सवय लावा.

मी गोवंडीच्या एका शाळेत तिसरीला शिकवते, नोकरीला तीन वर्षं झाली. पट ४२. मागच्या चाचणीत १७ मुलांना निम्म्याहून कमी गुण मिळाले. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, आता सगळं बंद करून फक्त जुने पेपर घटवून घे. बाहेरचं सर्वेक्षण आलं तर त्या दिवशी अगदी कच्च्या चार-पाच जणांना घरीच राहायला सांग, सगळे तसंच करतात. त्यात मतदारयादीचं कामही माझ्याकडे आहे. मला रात्री झोप येत नाही.
एक शिक्षिका, गोवंडी

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुला एक सांगते, जे मी आजवर लिहिलं नव्हतं.

मला नोकरीला लागून सात वर्षं झाली होती. शाळा कोणती ते सांगत नाही. बाहेरून पाहणीचे लोक येणार होते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, अक्षरं ओळखायची पण शब्द जुळवता यायचा नाही. आदल्या दिवशी शाळा सुटताना मी तिला जवळ बोलावून म्हटलं, उद्या तू आली नाहीस तरी चालेल. दुसऱ्या दिवशी ती आली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, धुतलेला गणवेश. आई धुणीभांडी करायची, खोलीला कुलूप लावून कामाला गेली होती, मग पोर जाणार कुठे? तिला ‘बाईंनी नको सांगितलंय’ हे आठवत होतं, म्हणून वर्गात आली नाही. फाटकापाशी शिपाईमामांच्या स्टुलावर बसून राहिली, पाहणी संपेपर्यंत, तीन तास. खिडकीतून मला तिच्या रिबिनी दिसत होत्या. आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी गैरहजर लिहिलं.

त्या दिवशी आमच्या शाळेचा निकाल चांगला लागला. मला कुणी बोललं नाही, उलट शाबासकी मिळाली. ती मुलगी पुढे कुठल्या शाळेत गेली ते मला माहीत नाही. तू हे करू नकोस.

आणि हे करून मिळत काहीच नाही, हेही समजून घे. देशपातळीवरचं सर्वेक्षण आधी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण म्हणून व्हायचं, २०१७ आणि २०२१ ला झालं. ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’च्या नावाने झालं. तिसरी, सहावी, नववीचे मिळून देशभरात सुमारे २१ लाख विद्यार्थी, ७४ हजारांवर शाळा, ७८१ जिल्हे. निवडक शाळांतली निवडक मुलं घेतात, कागद घेऊन बाहेरचा माणूस येतो आणि निकाल जिल्ह्याचा, राज्याचा, देशाचा लागतो. तुझ्या वर्गाचा किंवा एखाद्या मुलाचा निकाल त्यात नसतोच. त्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या तिसरीच्या ५५ टक्केच मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावता आल्या. हा आकडा आपल्याला का कळला? शिक्षकांनी कच्ची मुलं वर्गात बसू दिली म्हणून कळला. प्रत्येकीने चार-पाच घरी ठेवली असती तर सरकारला वाटलं असतं, सगळं आलबेल आहे, जादा शिक्षकाची गरज नाही, पुस्तक बदलायची गरज नाही. कच्च्या मुलाला वगळलं की त्याच्यासाठी मदत मागायचा पुरावाच आपण फाडून टाकतो.

जुने पेपर घटवून घेतल्याने गुण थोडे वाढतील, नाही म्हणत नाही. मुलांना प्रश्नाचा साचा ओळखू येतो. पण साचा बदलला की तीच मुलं पुन्हा कोरी. आठवड्यातून एक कागद सरावाला दे, मुलं घाबरू नयेत म्हणून. बाकीचा वेळ शिकवण्याचा.

त्या चाचणीचा तुझ्यासाठी उपयोग असा कर. फूलस्केप कागद आडवा घे. डावीकडे बेचाळीस नावं, वर प्रश्नांचे क्रमांक. बरोबरला काही करू नको, चुकलेल्या चौकटीत लाल फुली मार. एक संध्याकाळ जाईल. मग कागद हातभर लांब धरून बघ. एखादा उभा रकाना वरपासून खालपर्यंत लाल दिसला, बेचाळिसांत तीस फुल्या, तर तो धडा मुलांना आलेला नाही, म्हणजे तो आपल्याला पुन्हा शिकवायचा आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नको, माझा तर दरवर्षी एखादा तसा रकाना निघायचा. आडवी ओळ लाल दिसली तर ते मूल स्वतंत्र बघायचं. तुझी ती सतरा मुलं सतरा कारणांनी अडलेली नसतात. मला बहुतेक वेळा तीन-चार गट सापडायचे: वाचताच न येणारी, वाचतात पण हातच्याला अडतात ती, येत असून वेळ न पुरलेली, आणि नेहमी गैरहजर असणारी.

वाचता न येणाऱ्यांना आधी घे. एकेकाला जवळ बसवून वाचून घे: अक्षर, मग साधा शब्द, मग सोपा परिच्छेद, मग गोष्ट. ‘असर’वाले २००५ पासून खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांचं वाचन असंच पाहतात, आणि ते ज्या ‘प्रथम’ संस्थेचे, ती आपल्या मुंबईच्याच वस्त्यांत नव्वदच्या दशकात सुरू झाली. साधनं काही लागत नाहीत, एक कागद आणि प्रत्येक मुलाला पाच मिनिटं. दिवसाला तीन मुलं धरलीस तरी तीन आठवड्यांत वर्ग पुरा होतो. मग त्या गटाला रोज परिपाठानंतरची वीस मिनिटं दे, बाकीचे तेवढ्यात वहीत पाढे लिहितील.

मतदारयादीच्या कामावर माझ्याकडे उतारा नाही. ते काम कायद्याने आपल्यावर येतं आणि वर्गाचे दिवस खातं, याचा मलाही शेवटपर्यंत राग येत राहिला. किती दिवस वर्गाबाहेर गेले ते तारखांसह लिहून ठेव आणि मुख्याध्यापकांनी सरासरी विचारली की तो कागद त्या लाल फुल्यांच्या कागदासोबत पुढे ठेव. आणि त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशी भांडू नको. त्याही कधी तरी अशाच घाबरलेल्या असणार.

बाई माझ्या प्रगतिपुस्तकावर गणितात ड आहे. मोठा भाऊ म्हणतो ड म्हणजे नापास. मला भागाकार येत नाही. मला पुन्हा चौथीत बसवतील का. मी हे पत्र स्वतः लिहिलं आहे.
इयत्ता चौथी, परळ

बाळ, तुझं पोस्टकार्ड मिळालं. ‘प्रगतिपुस्तकावर’ हा एवढा मोठा शब्द तू एकही चूक न करता लिहिला आहेस, तो मी दोनदा वाचला.

ड म्हणजे नापास नाही. शंभरातले ३३ ते ४० गुण मिळाले की ड लिहितात. त्याच्यावर क-२ आहे, ४१ ते ५०. तू त्याच्या अगदी जवळ असशील. आणि चौथीत कुणालाही पुन्हा बसवत नाहीत, तू पाचवीत जाणार. पाचवीच्या शेवटी मात्र परीक्षा असते आणि त्यात अडलं तर पुन्हा एकदा परीक्षा देता येते. म्हणून भागाकार आपण आत्ताच शिकून टाकू. भावाला हे सगळं वाचून दाखव.

भागाकार म्हणजे सारखे वाटे करणं. आईकडून ५२ चणे मोजून घे. चार वाट्या मांड. प्रत्येक वाटीत आधी दहा-दहा टाक, चाळीस संपले. उरले किती? बारा. आता ते चारही वाट्यांत एकेक करत टाक. एका वाटीत किती झाले ते मोज. तोच तुझा भागाकार. चणे खायचे ते नंतर.

मग वहीत ७५ भागिले ३ कर. जिथपर्यंत येतं तिथपर्यंतच कर आणि जिथे अडलं तिथे पेन्सिलीने गोल करून ते पान मला पाठव. खोडू नकोस. त्या गोलापासून पुढचं मी तुला करून पाठवते.